खुशालरावांची सात सीटर

माणसाची किंमत त्याच्या वागण्यावरून ठरते, वाहनावरून नव्हे, असं खुशालरावांचं पहिल्यापासूनचं मत होतं. हे मत ते आपल्या गाडीच्या टपावर पऱ्हाटीचा, म्हणजे वाळलेल्या कपाशीचा, भारा चढवता चढवता मांडत होते.

"बोलू नका, वढा," खालून कुर्बान म्हणाला. तो गाडीचा ड्रायव्हर. "आरसा दिसून राहिला अजून."

आरसाही झाकला. गाडी मोठी होती. सात सीटर, पांढरी, आणि जमिनीपासून इतकी उंच, की मैनाबाईंना चढताना खुशालरावांना हात द्यावा लागे. नवऱ्याने बायकोला हात दिलेला गावात त्याआधी कुणी पाहिला नव्हता, त्यामुळे तेही लोक पाहायला येत. एवढं धूड झाकायला निम्म्या गावाची पऱ्हाटी लागली आणि गावाने ती हसत हसत दिली, कारण त्या दुपारी पाहणी पथक येणार होतं.

ती शेतकऱ्यांच्या सरकारी पॅकेजची वर्षं होती. लाल्या रोगाने कपाशी लाल पडत होती, आणि ती किती लाल पडली हे पाहायला दिल्लीहून, मुंबईहून पथकं येत होती. पथकांच्या पांढऱ्या गाड्यांची दर्यापूर तालुक्याला इतकी सवय झाली होती, की आमच्याकडच्या बकऱ्याही त्या दिसल्या की रस्ता सोडून अदबीने बाजूला उभ्या राहत.

"खुशालराव, गाडी तुमची हाये," सरपंच नत्थुजी सकाळीच येऊन सांगून गेले होते. "पन गरिबी साऱ्या गावाची हाये. तुमच्या एका गाडीपायी तिले बट्टा लावू नका."

पथक आलं, गावाची गरिबी पाहून समाधानी झालं आणि गेलं. पऱ्हाटीच्या एवढ्या मोठ्या ढिगाबद्दल एका अधिकाऱ्याने चौकशी केली. "जळन हाये," नत्थुजींनी सांगितलं. अधिकाऱ्याने वहीत काहीतरी लिहिलं.

गाडी खुशालरावांनी हौसेने घेतली नव्हती. घेतली होती ती अंकुरसाठी. अंकुर त्यांचा एकुलता एक मुलगा. बी.ए. झालेला, निर्व्यसनी, शेतीत डोकं असलेला. पैकी शेवटचा गुण सोयरिकीत आडवा यायचा. मुलीकडचे चहा घेत, पोहे खात, मुलाला वरून खाली पाहत आणि विचारत, "नोकरीले कोठी हाये?" अंकुर खरं सांगे. मग फोटो परत येई.

दर्यापूरच्या जाईबाई म्हणजे मैनाबाईंच्या नात्यातल्या, सोयरिकी जुळवण्यात वाकबगार. त्यांनी निदान केलं. "पोरगं वावरात दिसलं का लोक फोटो वापस करतात. ते गाडीत दिसलं पाह्यजे."

त्याच सुमाराला एका संस्थाचालकाला गावाजवळच्या डांबरी रस्त्याला लागून जमीन हवी होती. त्याला तिथे डी.एड. कॉलेज काढायचं होतं. तेव्हा दर दोन-चार गावांमागे एक तरी असं कॉलेज निघत होतं. मुलांपेक्षा मास्तर जास्त होतील की काय अशी परिस्थिती होती. खुशालरावांनी रस्त्याकाठची पट्टी त्याला विकली आणि अमरावतीहून जुनी, पण नव्यासारखी दिसणारी सात सीटर आणली.

मोठ्या गाडीचे फायदे पुष्कळ असतात, हे त्यांना पहिल्याच आठवड्यात कळलं. ते सगळे इतरांचे होते. बाळंतीण न्यायची, गाडी. नवरदेव मारुतीच्या पाया पडायला न्यायचा, गाडी. मोझरीला गुरुकुंज आश्रमात जायचं तर सात सीटवर अकरा माणसं, एक ढोलकी आणि परतताना कुणाची तरी झोपलेली सासू. नाही म्हणायची सोय नव्हती. मोटारसायकल नाकारता येते, पंक्चर आहे म्हणून. सात सीटरला नाही म्हटलं की माणूस मोठा झाला असं म्हणतात.

"तिच्यानं अंगन गेलं माहं," मैनाबाई म्हणायच्या. पण बॉनेटवर मुंगवड्या एका दुपारात वाळतात, हा शोधही त्यांचाच. गाडी बाहेर निघायची असली की आधी वड्या उचलाव्या लागत.

कुर्बानचं वेगळंच होतं. त्याची सारी उमर दर्यापूर-अमरावती रस्त्यावर वडाप जीप चालवण्यात गेली होती. रस्त्याकडेला हात वर झाला की त्याचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा, आणि गाडी भरल्याशिवाय ती गावातून काढायची म्हटलं की त्याला अस्वस्थ व्हायचं.

"कुर्बानभाई, हे घरची गाडी हाये," अंकुर सांगे.

"मालूम हाये, भाऊ. पन सवारी दिसली का मनाले चैन नाई पडत. खाली सीट म्हनजे खुदाचं नुकसान."

तर अशी गाडी घेऊन बाप-लेक आणि कुर्बान मुलगी पाहायला निघाले. गाव पूर्णेच्या काठचं, खारपाणपट्ट्यातलं, दर्यापूर आणि अकोल्याच्या मधलं. मुलीचं नाव आचल. वडील सूर्यभान. जाईबाईंनी फोटो पाठवला होता, आणि तो पाहिल्यापासून अंकुर दाढी रोज करायला लागला होता. आधीच्या मुलींच्या वेळी तो बापामागे मुकाट्याने निघायचा. या वेळी गाडी त्याने स्वतः धुतली, दोनदा.

"बाबा, हे नाई जमलं तं मी पुन्हा कोठी येनार नाई," त्याने निघताना सांगितलं. आवाज शांत होता. खुशालरावांनी मैनाबाईंकडे पाहिलं, मैनाबाईंनी बॉनेटवरच्या वड्यांकडे.

पाहुण्यांनी संध्याकाळी यायचं ठरलं होतं. पण गाडी एस.टी.ची वाट पाहत नाही, हा तिचा फायदा, आणि म्हणून माणूस नको तेवढ्या लवकर पोचतो, हा तोटा. दुपार कलायच्या आतच ते गावाच्या फाट्यावर आले. तिथे पंक्चर झालेल्या मोटारसायकलजवळ फाइल धरून एक इसम उभा होता. त्याने हात केला.

कुर्बानचा पाय ब्रेकवर गेला.

इसम पुढे बसला. गोवर्धन नाव, या भागाचे कृषी सहायक. "बरे भेटले तुमी. गावात पथक येनार हाये आज. मले आगुदर पोचाचं होतं." एवढं बोलून होत नाही तोच त्यांचा मोबाइल वाजला. ते ऐकत गेले तसा त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

"काय झालं, सायेब?" कुर्बानने विचारलं.

"पथक वापस गेलं. उशीर झाला म्हनते त्यायले." गोवर्धन समोर पाहत राहिले. "तिसऱ्यांदा. आता हे गाव मले जित्तं सोडत नाई."

गाव समोरच होतं. वेशीत कमान, कमानीखाली हार घेतलेली माणसं, ताटं घेतलेल्या बाया, आणि एक ताशावाला. मोठी पांढरी गाडी, आणि पुढच्या सीटवर गावाच्या ओळखीचे कृषी सहायक. याहून जास्त पुरावा कुणाला हवा होता? ताशा सुरू झाला.

"भाऊ," गोवर्धन मागे वळून खुशालरावांना हळूच म्हणाले, "एक वावर पाहून घ्या. घडीभराचं काम. म्या रातच्याले सांगतो त्यायले कायतरी."

"आमी पोरगी पाहाले आलो, हो."

"तेबी पाहा. पन हे पहिलं पाहा."

खुशालराव नाही म्हणणारच होते. पण तेवढ्यात दार उघडलं, गळ्यात हार पडला आणि कुणीतरी "या सायेब" म्हणालं. खुशालरावांना उभ्या जन्मात कुणी साहेब म्हटलं नव्हतं. माणसाची किंमत त्याच्या वागण्यावरून ठरते हे खरंच होतं. पण त्या क्षणी ते गाडीतून उतरत होते, आणि गाडी फार उंच होती.

प्रत्येक गावाचं एक पाहणीचं वावर ठरलेलं असतं. ते सगळ्यांत वाईट असावं लागत नाही, रस्त्याला लागून असावं लागतं, कारण पथकाला चिखल चालत नाही. या गावाचं ते वावर एका उंच, वाळक्या माणसाचं होतं. त्याने टोपी काढून हातात धरली होती आणि नव्या सदऱ्याची घडी अजून मोडली नव्हती. गर्दी त्याला पुढे ढकलत होती. "सांग बे, सूर्यभान. आज आयकतात ते."

खुशालराव थबकले. अंकुरने बापाकडे पाहिलं.

सूर्यभान बोलायला लागले. आधी पाठ केल्यासारखं, मग आपसूक.

"सायेब, बोंडं हायेत. नाई असं नाई. पन हे हातात घ्या. वजन लागते काय? मांगं हे वावर पांढरं दिसे फाट्यावरून. औंदा पाहा. हिरीचं पानी खारं, ढोरं तोंड लावत नाईत. वरून पडलं तं पिकते, नाई तं नाई. मले एक पोरगी हाये, सायेब. म्या तिले सांगून ठेवलं, बाई, तू काईबी कर, पन वावराच्या भरोशावर राहू नोको."

बोलणं इतकं चांगलं होईल अशी गावाचीही अपेक्षा नव्हती.

आता साहेबांनी काहीतरी बोलणं भाग होतं. "पाहू," खुशालराव म्हणाले. हा शब्द त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडून ऐकला होता. स्वतः म्हणून पाहिला, तर जिभेला बरा वाटला.

अंकुर मात्र खाली बसला होता. पान उलटून मागची बाजू पाहत होता, शिरा बोटाने चाचपत होता. ढोंग म्हणून नव्हे. कपाशीत शिरला की त्याचा हात आपोआप पानामागे जायचा.

"हे इद्यापीठाचे सायेब दिसतात," एक म्हातारा म्हणाला. "वाकले नं हे. पथकातलं कोनी वाकत नाई."

झालं. गर्दी अंकुरकडे सरकली. ज्याला त्याला आपली कपाशी दाखवायची होती. कुणी झाड उपटून आणलं, कुणी तुरीच्या शेंगा, कुणी सोयाबीनचा पोचट दाणा. अंकुर प्रत्येकाशी बोलत होता, पानं मोडून दाखवत होता, "हे उशिरा झालं", "हे अजून हातात हाये" असं सांगत होता. माणसं धावत घरी जाऊन नवीन झाडं आणत होती. ताशेवाला मध्येच वाजवत होता. इतका उत्साह त्या वावराने पीक आलं तेव्हाही पाहिला नसेल. कुर्बानने डिकी उघडून नमुने भरायला घेतले. रिकामी डिकी त्याला पाहवत नव्हती.

चहा सूर्यभानच्याच घरी ठरला होता. ओसरी सारवलेली, खुर्च्या शेजाऱ्यांच्या. गोवर्धन वाटेतूनच कुठेतरी सटकले. गर्दी दाराबाहेर थांबली. सूर्यभान खुशालरावांच्या जवळ आले आणि आवाज खाली करून म्हणाले:

"सायेब, एक इनंती हाये. संध्याकाळी पावने येनार हायेत, पोरगीले पाहाले. मोठे गाडीवाले लोक हायेत म्हनते. ते रस्त्यात भेटलेच तं... वावराचं जे म्या सांगतलं, ते त्यायच्यासमोर काढू नका."

खुशालरावांनी गळ्यातला हार चाचपला. "पाहू," ते म्हणाले.

"काका," अंकुर म्हणाला, "पावने आमीच हाओ."

आत भांडं पडलं. सूर्यभान आधी अंकुरकडे, मग हाराकडे, मग दारातून दिसणाऱ्या गाडीकडे पाहत राहिले.

"म्हनजे पथक?"

"वापस गेलं," खुशालराव म्हणाले. "आमच्या इकडं आलं होतं. आमी हे गाडी पऱ्हाटीखाली लपवली होती. गाव म्हने, गाडी दिसली तं साऱ्यायचं पॅकेज जाईन."

सूर्यभान त्यांच्याकडे पाहत राहिले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. आधी वाटलं रडताहेत. "पऱ्हाटीखाली," ते म्हणाले. "एवढी मोठी?"

"आरसाबी झाकला."

दोघेही हसले, ते डोळे पुसेपर्यंत हसले. मग सूर्यभानना आपण मुलीचे बाप असल्याचं आठवलं. त्यांनी टोपी नीट घातली. "तसं वावर चांगलं हाये आपलं," ते म्हणाले. "लोकायच्या सांगन्यावरून बोलावं लागते. मांगं नदीकाठाले अजून एक तुकडा हाये. लय जोरदार."

"हाव, हाव," खुशालराव म्हणाले. "आमचंबी तसंच हाये. लय जोरदार."

आचल चहा घेऊन आली. फोटोतल्यापेक्षा सावळी, आणि फोटोत न दिसणारी एक गोष्ट होती, ती म्हणजे तिला हसू आवरत नव्हतं. तिने दारामागून सगळं ऐकलं होतं. चहा गोड्या पाण्याचा होता. पाहुण्यांसाठी ते दूरच्या टाकीवरून आणून ठेवलं होतं. खुशालरावांनी नाव, शिक्षण विचारलं. मग पद्धतीप्रमाणे सूर्यभान म्हणाले, "तुमाले काई इचाराचं असन तं इचारा."

अंकुरने लाजून चहाचा घोट घेतला. तेव्हा आचलनेच विचारलं.

"लाल्या तुमच्या इकडंबी हाये?"

"हाये," अंकुर म्हणाला. "मांगच्या वावरात. म्या मॅग्नेशियम मारलं."

"फरक पडला?"

"अर्ध्याले पडला. बाकी उशिरा झालं."

"मी बाबाले तेच सांगून राहिली होती. आयकतच नाईत."

"आता मारलं तं फायदा नाई. पुढच्या साली पातीवर असतानीच मारा. फुलं येऊ द्याची वाट नोका पाहू."

यानंतर ते दोघं फवारणीबद्दल इतकं बोलले, की चहा निवला आणि दोन्ही बापांना आपण इथे कशासाठी बसलो आहोत असं वाटायला लागलं. मुलगी पाहण्याचे कार्यक्रम खुशालरावांनी पुष्कळ पाहिले होते. त्यात नजर खाली असते, घाम असतो, पोह्यात शेंगदाणे मोजणं असतं. इथे त्यांचा मुलगा हातवारे करून बोंडअळी समजावत होता आणि मुलगी त्याची चूक काढत होती.

निघताना अख्खं गाव गाडीपाशी आलं. पथक खोटं होतं हे एव्हाना कळलेलं होतं, पण कुणी रागावलं नाही. "निदान वाकून तं पाह्यलं," म्हातारा म्हणाला. कुर्बानने तेवढ्यात दर्यापूरच्या दोन सवाऱ्या मागे बसवल्या होत्या.

परतीच्या वाटेवर अंकुर खिडकीतून बाहेर पाहत, ज्याला त्याला सांगत होता. सवाऱ्यांनाही. "पोरगी हुशार हाये."

"जमलं समजा," कुर्बान म्हणाला. "गाडीनं काम केलं, खुशालभाऊ. जाईबाई बरोबर बोलल्या होत्या."

खुशालरावांनाही तसंच वाटलं. घरी पोचल्यावर त्यांनी मैनाबाईंना गाडीतून न उतरताच बोलावून सगळं सांगितलं. डिकीतून कपाशीची झाडं निघत होती आणि मैनाबाई विचारत होत्या, पोरीकडच्यांनी हे काय दिलं.

दिवाळीनंतर सूर्यभान स्वतः आले. एस.टी.ने आले, फाट्यावरून चालत आले, अंगणात गाडीला वळसा घालून ओसरीवर बसले. मैनाबाईंनी पाणी दिलं. ते पाण्याकडे पाहत राहिले.

"गोडं हाये तुमच्याकडं," ते म्हणाले. मग म्हणाले, "पोरगं लाख हाये, खुशालराव. पोरीच्याबी मनात हाये. लपवत नाई तुमच्यापासून."

"मंग?"

"त्या दिवशी वावरात जे बोललो ते खोटं नोतं. खोटं म्या नंतर बोललो, चाहाच्या टायमाले." त्यांनी पेला खाली ठेवला. "अकोल्याची एक सोयरीक आली. पोरगं हाफिसात शिपाई हाये. परमनंट हाये. म्या हो म्हनलं."

खुशालरावांना पुष्कळ बोलता आलं असतं. आपल्या वावराबद्दल, अंकुरबद्दल, मागच्या वर्षीच्या उताऱ्याबद्दल. पण समोर बसलेल्या माणसापाशी ते खपलं नसतं. तो कपाशी पिकवणारा होता. गोठ्याच्या दारात अंकुर उभा होता. गुरांच्या ढेपेची पाटी त्याच्या हातात तशीच राहिली होती.

"आचल खुश राहीन," अंकुर म्हणाला, आणि आत गेला.

सूर्यभान उठले. दाराशी थांबून त्यांनी विचारलं. विचारताना त्यांना लाज वाटत होती, हे खुशालरावांना दिसत होतं. "लग्नाच्या दिवशी पोरगी लावून द्याले गाडी मिळन काय? तिकडचे बसनं येऊन राहिले. नवरी बसनं कशी पाठवू मी?"

मोटारसायकल असती तर पंक्चर सांगता आली असती.

"मिळन नं," खुशालराव म्हणाले.

लग्न उन्हाळ्यात झालं. कुर्बानला त्या दिवशी अमरावतीला भाचीच्या निकाहला जायचं होतं, म्हणून गाडी अंकुर घेऊन गेला. फुलं गावाने लावली. नवरी मागे बसली, करवली तिच्याजवळ, आणि नवरदेव पुढे, अंकुरशेजारी. त्याला एवढ्या मोठ्या गाडीची सवय नव्हती. वाटेतल्या म्हैसांग गावाच्या अलीकडे त्याला मळमळायला लागलं. अंकुरने गाडी बाजूला घेतली, त्याला उतरवलं, हातात पाण्याची बाटली दिली आणि त्याची चूळ भरून होईपर्यंत जवळ उभा राहिला. मग ते अकोल्याला पोचले.